फळीवरची गुडगुडी

"दिवाळीच्या आत या पोराच्या छातीत कफाचा टिपूस उरू देणार नाही!" असे शेवंतीबाईंनी ओटीवर उभे राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले. शेवंतीबाई एखादी गोष्ट जाहीर करीत, तेव्हा ती कफानेसुद्धा मुकाट्याने ऐकून घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असे!

नौपाड्याच्या खाली, जिथे भातशेती संपून खाडीचा चिखल सुरू होतो, तिथे भोइरांचे घर होते. मिठागरे स्वतःची, गडीमाणसे हाताखाली. पण घरातल्या पुरुषांच्या छातीवर मात्र कुणाची मालकी चालत नव्हती. शेवंतीबाईंचे यजमान विठ्ठल भोईर खोकून खोकूनच गेले, आणि गेले तेही हातात गुडगुडी धरून. आता मुलगा सहदेव त्याच वाटेला लागला होता. पावसाळी हवा सुटली, की त्याच्या छातीत मांजर व्यायल्यासारखा आवाज येई. कल्याणचे वैद्य आगगाडीने येऊन नाडी पाहून गेले आणि निघताना म्हणाले, "तंबाखू सुटली, तर मुलगा तुमचा. नाही सुटली, तर मला पुन्हा बोलावू नका."

झाले! त्या दिवसापासून सहदेवाच्या छातीवर शेवंतीबाईंचे राज्य सुरू झाले. अडुळशाचा काढा, सुंठ आणि मध, छातीला कोमट तिळेल, निजण्यापूर्वी घोंगडीखाली वाफारा, दही बंद, केळे बंद, उजाडताच बांधावरून फेरी. गुडगुडीतले पाणी त्यांनी स्वतः ओतून टाकले आणि ती फडक्यात गुंडाळून यजमानांच्या खोलीतल्या फळीवर चढवली. राखणीसाठी स्वतःचे अंथरूणही त्याच खोलीत घातले.

वैद्यांनी न सांगितलेला एक इलाज त्यांनी पदरचा जोडला होता. तो म्हणजे धुरी! कडुलिंबाचा पाला, लसणीची साले आणि ओवा निखाऱ्यांवर टाकायचा, दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि सकाळ-संध्याकाळ घरातली हवा धुऊन काढायची. तेवढा वेळ सहदेव बांधावर आणि सून कलावती विहिरीवर. निखारे फुंकायला मात्र शेवंतीबाई स्वतः. दुसऱ्याच्या फुंकीवर त्यांचा विश्वास नव्हता.

आणि गुण आला! भाद्रपद लागेपर्यंत सहदेव न थांबता बांध चढू लागला. शेवंतीबाई सुनेला म्हणाल्या, "पाहिलंस? रोगसुद्धा माणूस ओळखतो."

त्यानंतर पितृपक्ष लागला, आणि घरात ते सुरू झाले.

एका तिन्हीसांजेला शेवंतीबाई यजमानांच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. खाडीवर धुके उतरले होते. दिवा लागायचा होता. इतक्यात अगदी जवळ, कानाशीच म्हणावे असा आवाज आला... गुर्रर्र... गुड्... गुड्... गुर्रर्र.

शेवंतीबाईंच्या अंगावर काटा आला. तीस वर्षे हा आवाज ऐकत त्यांनी संसार केला होता! त्यांनी श्वास रोखून कान दिला. आवाज थांबला. हायसे वाटून त्यांनी श्वास सोडला, तो पुन्हा... गुर्रर्र.

फळीवरचे फडके जसेच्या तसे होते. गाठसुद्धा सुटली नव्हती.

"कलावती! अगं कलावती!"

कलावती दारातच उभी होती, पांढरीफटक. "सासूबाई, मीपण ऐकलं. मामंजी ओढतायत!"

"गप्प बस. मेलेलं माणूस ओढत नाही."

"मग कोण ओढतंय?"

शेवंतीबाईंनी तिला दिवा लावायला पाठवले.

दुसऱ्या दिवशी धाकटे दीर राघो यांनी तो आवाज माजघरात ऐकला. त्यानंतर तो देवघरात आला, गोठ्यात आला, एकदा तर उजाडता उजाडता विहिरीच्या काठावर आला. शेवंतीबाई जिथे जात, तिथे तो मागोमाग येई, आणि त्या कान देऊन ऐकू लागल्या की चोरासारखा गप्प होई.

"वहिनी, दादाचा जीव गुडगुडीत अडकलाय," राघो हळूच म्हणाले. "तुमची पाठ सोडत नाही तो."

"जिवंतपणी कधी माझ्या मागे फिरले नाहीत, भावोजी. आता कशाला फिरतील?"

बोलणे ठसक्याचे होते. पण त्या रात्री त्यांनी अंथरूण भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर घातले.

विठ्ठल भोइरांची तिथी उजाडली. चार पाहुणे येणार, चार तऱ्हांचे खोकले आणणार, म्हणून शेवंतीबाईंनी त्या दिवशी अंगणातही धुरी पेटवली होती. वडे, खीर, भोपळ्याची भाजी असे पान वाढून छपरावर ठेवले. समोरच्या चिंचेवर कावळ्यांची ओळच्या ओळ बसली होती. एकही हलेना! माना वाकड्या करून सगळे खाली पाहत होते, ते सरळ शेवंतीबाईंकडे.

"काव काव!" राघो ओरडून ओरडून थकले. ऊन वर आले. पाहुणे उपाशी. पोरेबाळे रडकुंडीला आली.

"इच्छा राहिलीय," कुणीतरी कुजबुजले.

"गुडगुडी द्या त्याला!" राघो म्हणाले. "नीट भरून, निखारा ठेवून पानाशेजारी मांडा."

सहदेवाचे डोळे एकदम चमकले. "आई, बाबांची इच्छा मोडू नये. आणि त्यांना दाखवली, की मग... प्रसाद म्हणून कुणीतरी घ्यायलाच हवी ना! मी घेईन. माझी तयारी आहे."

गुडगुडी द्यावी, तर हातातोंडाशी आलेला मुलगा जातो. न द्यावी, तर नवरा उंबऱ्यात तिष्ठत राहतो. सारे अंगण शेवंतीबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी पदर खोचला, धुरीच्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या आणि छपराकडे पाहून गरजल्या:

"ऐकताय? तुम्हांला हवं ते तीस वर्षं दिलं. हे देणार नाही! पोर माझं आहे. उपाशी राहायचं तर राहा. पण हिंमत असेल, तर समोर येऊन मागा!"

अंगण चिडीचूप झाले. पानही हलेना. आणि त्या शांततेत, सगळ्यांच्या देखत, उत्तर आले.

गुर्रर्र... गुड्... गुड्... गुर्रर्र!

पाहुण्यांपैकी दोघे कुंपणापलीकडे दिसेनासे झाले. राघोंनी डोळे मिटून रामनाम सुरू केले. शेवंतीबाई एक पाऊल मागे सरल्या, तशी कलावतीने धावत येऊन त्यांना मागून मिठीच मारली. तिचा कान सासूच्या पाठीला लागला आणि ती तशीच राहिली.

"सासूबाई," ती चाचरत म्हणाली, "मामंजी... मामंजी तुमच्या पाठीत आहेत."

"काय बरळतेस?"

"श्वास घ्या बघू. हां... गुर्रर्र. आता रोखा. थांबला! सासूबाई, ही तुमची छाती वाजतेय!"

पदरची धुरी दोन्ही वेळा एकटीने गिळल्यावर दुसरे काय होणार! खोकला तर कधीचाच घशाशी येत होता. पण हुकूम सोडणाऱ्याने खोकायचे नसते, म्हणून त्या तो खडीसाखरेखाली दाबत होत्या. आता मात्र तो असा उसळला, की कावळेसुद्धा फांदीवर सरकून बसले.

सहदेवाने पुढे होऊन आईच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला. बापाच्या अखेरच्या दिवसांत त्याने हाच आवाज याच तऱ्हेने ऐकला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा प्रसाद पार उतरला. तो आत गेला आणि फडक्यासकट गुडगुडी घेऊन बाहेर आला. आता ओढतो की काय, म्हणून सगळे टकमक पाहू लागले. तो सरळ खाडीवर गेला आणि रिकाम्या हातांनी परतला.

राघोंनी धुरीवर घागर उपडी केली. धूर विरला मात्र, कावळे असे तुटून पडले, की पानाचा द्रोणही उरला नाही!

शेवंतीबाईंचे पुढचे हाल सांगायला नकोत. काढ्याला सून, वाफाऱ्याला मुलगा, आणि बांधावरच्या फेरीला दोघेही पाठीशी. दिवाळीच्या सुमारास वैद्य येऊन गेले. "छाती स्वच्छ!" म्हणाले. घरात आनंदीआनंद झाला.

त्या संध्याकाळी शेवंतीबाई यजमानांच्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांनी श्वास रोखून ऐकले, मग सोडून ऐकले. काही नाही. खोली अगदी निवांत होती. त्यांनी एकदा मुद्दाम खाकरून पाहिले. तरीही काही नाही.

दार लोटलेले आहे याची खात्री करून त्या हलकेच म्हणाल्या, "गेलात ना? सांगून जायची पद्धत तुम्हांला जिवंतपणीही नव्हती!"