डोनलभाऊंची दाढ

आमच्या शेजारचे डोनलभाऊ तोंडात कागद धरून दार उघडतात. ओठांत पातळ पांढऱ्या कागदाची घडी, चष्मा कपाळावर, आणि एक हात वर. म्हणजे थांबा, बोलू नका. सहा वर्षांपूर्वी मी इकडे परदेशात, ॲडम्सटाउनला लेकाकडे राहायला आले तेव्हा त्यांचं पहिलं दर्शन असंच झालं. नवा शेजार म्हणून मी बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. दार उघडलं, कागद दिसला, आणि आतून लवंगेच्या तेलाचा असा वास आला की मी मनात म्हणलं, अरेरे, बिचाऱ्याची दाढ ठणकतेय.

आता लवंगेचं तेल आणि तोंडाला कागद, यावरून आपल्याकडचं कुणीही दुसरं काय म्हणेल? लाडू तसेच परत आणले. दुखऱ्या दाढेनं लाडू कसा चावणार? मऊसर मुगाची खिचडी केली, वर तूप घातलं आणि डबा देऊन आले. असं चार दिवस. रोज डबा लख्ख धुऊन परत यायचा आणि बरोबर एक शब्द, “ग्रँड.” इथं सगळंच ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, पाय मोडला तरी माणूस ग्रँड.

पाचव्या दिवशी दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर डोनलभाऊ टेबलाशी बसलेत, तोंडात कागद, आणि हातात ही एवढी लांब नागवी तलवार. डबा पडायचाच राहिला. त्यांनी शांतपणे तलवार म्यानात घातली, मग कागद काढला, मला बसवलं आणि चहा ठेवला.

ते जुन्या जपानी तलवारी जमवतात आणि विकतात. मागच्या महायुद्धातल्या, तिकडच्या लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या. पात्यावर नुसता श्वास लागला तरी गंज धरतो, म्हणून तोंडात कागद. आणि पात्याला लावायच्या तेलात लवंग असते, म्हणून तो वास.

“मग दाढ?” मी विचारलं.

“दाढ ग्रँड आहे.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर खिचडी थांबली असती, मिसस.”

तेव्हापासून आमचं जमलं. माझं इंग्रजी टीव्ही बघून आणि दुकानातल्या पाट्या वाचून शिकलेलं. त्यांचं त्यांच्या गावचं, कॉर्कचं, गाणं म्हणल्यासारखं. दोघांचंही इतरांना धड कळत नाही, एकमेकांचं मात्र कळतं. जन्मभर ते कॉर्कला औषधाच्या कारखान्यात यंत्रं जुळवायचे. बायको गेली, मुलगी ऑस्ट्रेलियात, आणि हे इकडे आले ते सोळा तलवारी घेऊन.

तलवारीला तेल लावायचं असलं की मला बोलावतात. पण एका अटीवर, मीही तोंडात कागद धरायचा. मी! आमच्या सुनेनं एकदा खिडकीतून बघितलं आणि संध्याकाळी फार गोड आवाजात विचारलं, की आई, ते कागद कुठं मिळतात?

धंदा मात्र त्यांना येत नाही हो. आमच्या ह्यांचं कराडला कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारातून परत गेलं तर ह्यांना जेवण जायचं नाही. डोनलभाऊंचं गिऱ्हाईक परत गेलं की ते दोन बिस्किटं जास्त खातात. गिऱ्हाइकाला ते आधी एका सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसवतात. मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न. तलवार कुठं ठेवणार? कोण पुसणार? सँडीफोर्डच्या ऑफिसातला एक तरुण आला, त्यानं तलवार हातात घेऊन हवेत एक सपकन वार केला. डोनलभाऊंनी तलवार काढून घेतली आणि त्याच्या हातात त्याचा कोट दिला. दुसऱ्यानं सांगितलं, टीव्हीच्या वर भिंतीला लावीन. त्याला तर चहाही मिळाला नाही.

तलवार मिळायची कुणाला, तर जो आधी विचारील, की ही होती कुणाची? मग डोनलभाऊ फुलायचे. “युअर मॅन,” अशी सुरुवात. इथं कुणाही माणसाला असंच म्हणतात, आपण ‘तो गडी’ म्हणतो तसं. युअर मॅन डावखुरा असणार, मुठीचं कापड बघा कुठं झिजलंय. युअर मॅन उंच नव्हता. युअर मॅननं घरातलं आजोबांच्या आजोबांचं पातं लष्करी म्यानात बसवून नेलं होतं. न बघितलेल्या माणसांबद्दल असं बोलायचे, जणू सकाळीच बाजारात भेटलेत.

एक तलवार मात्र विक्रीला नव्हती. ती बैठकीत नसायची, त्यांच्या पलंगाखाली मेणकापडात असायची. त्यांच्या वडिलांनी ब्रह्मदेशातून आणलेली. वडील इंग्रजांच्या फौजेत होते. परत आले, ती तलवार पलंगाखाली सारली आणि मरेपर्यंत युद्धाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. वर्षातून एकदा मात्र बाहेर काढायचे. धाकटा डोनल तेल धरायचा, ते पुसायचे. “आम्ही दोघं एवढंच बोललो,” डोनलभाऊ एकदा म्हणाले. बोललो म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

त्या मुठीला एक कापडाची पट्टी बांधलेली होती, तिच्यावर जपानी अक्षरं. शरण येताना कुणी कुणी आपलं नावगाव असं बांधून द्यायचे, पुढंमागं परत मिळेल या आशेनं. ती पट्टी वाचता यावी म्हणून तर डोनलभाऊ या नादाला लागले. नाव वाचून झालं, गाव सापडलं, मग पत्रं सुरू झाली. अकरा वर्षं पत्रं पाठवत होते. उत्तर नाही आलं की म्हणायचे, ग्रँड.

आणि गेल्या वसंतात उत्तर आलं. त्या अधिकाऱ्याची नात, शाळेत शिकवणारी. तलवार बघायला येते म्हणाली. डोनलभाऊंनी मला पत्र दाखवलं, पण चेहरा काही लॉटरी लागल्याचा नव्हता. म्हणाले, “मिसस, तुम्ही बसा त्या दिवशी. माणूस योग्य नसला तर द्यायची नाही. मला नाही कळलं तर तुम्हाला कळेल.” मी ओळखलं. अकरा वर्षं शोधलेल्या बाईनं नापास व्हावं, असं त्यांना आता वाटत होतं.

ती आली. पन्नाशीची, बारीकशी, निळा कोट. तिलाही त्याच लाकडी खुर्चीत बसवलं. डोनलभाऊंनी तलवार टेबलावर ठेवली, पण हात मुठीवरून काढला नाही. विचारलं, “कुठं ठेवणार?”

भिंत म्हणाली असती तर संपलं होतं.

ती म्हणाली, “आमच्या घरी कपाटात एक कप्पा आहे. आजोबा निघाले त्या दिवशी रिकामा झाला. आजीनं तिथं कधी काही ठेवलं नाही. आजी गेल्यावर आईनंही नाही ठेवलं. घर लहान आहे, जागा पुरत नाही, तरी नाही.” आणि मग तिनं विचारलं, “तुमचे वडील कसे होते?”

आजवर ज्यांनी विचारलं, त्यांनी तलवारवाल्याबद्दल विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

डोनलभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. खोटं कसं सांगू? त्यांनी मुठीवरचा हात काढला. मग तासभर ते वडिलांबद्दल बोलत होते, आणि ती बाई ऐकत होती.

पुढं कागदपत्रांत आठवडा गेला. तलवार गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडलं. तोंडात कागद, हात वर.

मी आत बघितलं. टेबल रिकामं होतं. तेलाची बाटली मांडणीवर, बूच घट्ट लावलेलं. लवंगेचा वास कुठंच नव्हता.

मी हळूच विचारलं, “दाढ?”

त्यांनी मान हलवली. हो.

मी घरी आले आणि कुकरमध्ये तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन टाकली. पाणी जरा जास्तच घातलं.