चार माणसांची भाकरी

यमुनाकाकूंवर अन्याय झाला तो यंदाच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेनऊला, द्वारका चौकाजवळच्या आमच्या कॉलनीत. आरोग्य शिबिरात, सगळ्या गल्लीसमोर, त्यांचं वजन माइकवरून वाचलं गेलं. "ब्याऐंशी किलो! ही आहे आपल्या घराघरातली समस्या!" लोक खदाखदा हसले. माइक माझ्या हातात होता.

मी पत्रकं लिहिते, दारोदार वाटते आणि कुणी वाचली नाहीत तर भांडते. त्या दिवशीच्या पत्रकात लिहिलं होतं : पावडरी नकोत, उपास नकोत. ताट लहान घ्या, सावकाश खा, रोज चाला. त्यातलं काही चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

काकू चिडल्या नाहीत. काट्यावरून उतरता उतरता म्हणाल्या, "काट्याला दम लागला असंल. पाणी पाजा त्याला." पत्रकाची घडी घालून त्यांनी ती कमरेला खोचली.

आणि ते पाळलंही. आठवड्याने भाजीच्या गाडीपाशी भेटल्या.

"ताट लहान घेतलं बरं का, पुढारीणबाई."

"छान!"

"चारदा घेतलं. पण लहानच."

चालायलाही निघायच्या. पण वाटेत दिसेल त्याला थांबवून एकच प्रश्न : "जेवलास का?" सिलिंडरवाल्याला तेच, पोस्टमनला तेच, पायात घुटमळणाऱ्या कुत्र्यालाही तेच. नळाचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी सकाळी आठला विचारलं, तेव्हा तो बिचारा घाबरून "हो" म्हणाला. तासभर झाला तरी काकू गल्लीच्या टोकाला पोहोचायच्या नाहीत.

महिनाभरात काटा तसूभर हलला नाही. मला राग आला. भर दुपारी मी जाब विचारायला त्यांच्या घरी गेले. काकू ओट्यापाशी खाली बसून जेवत होत्या. समोर वांग्याची भाजी, ठेचा आणि बाजरीच्या चार भाकरी. एक संपवून त्यांनी दुसरी घेतली.

"काकू! पत्रकात काय लिहिलंय?"

"माझी झाली खाऊन. ही ह्यांची हाय."

काकूंचे यजमान मनमाडला रेल्वेत होते. ड्यूटी फिरती. कधी पहाटे यायचे, कधी भर उन्हात, म्हणून त्यांची भाकरी कायम झाकलेली असायची. ते जाऊन तीन वर्षं झाली. उरलेल्या दोन भाकरींतली एक मुलाची, एक मुलीची. मुलगा हैदराबादला, मुलगी सुरतेला.

"अहो, पण कुणी येणार नाही हे माहितीये ना तुम्हाला?"

"मला काय येड लागलंय व्हय? पण पीठ घेताना हात चौघांचंच घेतो. अन् केलेलं टाकायचं नसतं, पोरी. ह्यांची भाकरी काय घंटागाडीत टाकू?"

मी फटकन म्हणाले, "मग एकच करत जा."

याहून साधा उपाय कुठल्या पत्रकात नसेल. काकूंनी परातीकडे बघितलं. मग हसल्या. "एकटीचं पीठ परातीत लय केविलवाणं दिसतं गं."

तरी त्यांनी ऐकलं. आषाढात पुन्हा शिबिर भरलं. या वेळी मी माइक बंद ठेवला. काटा चौऱ्याहत्तरवर थांबला.

"काकू, आठ किलो उतरलात! कसं केलंत?"

"तूच सांगितलंस की. आधी पोरीची बंद केली. तिला तिच्या घरी गरम मिळती. मग पोराची." काट्यावरून उतरत म्हणाल्या, "ह्यांची बंद करायला दोन महिने लागले. परवा पोराचा व्हिडिओ फोन आला. म्हणतो, आई, बारीक झालीस! म्हटलं, तुझी भाकरी बंद केली रे. हसला. त्याला वाटलं, आई गंमत करती."

मागे बायका टाळ्या वाजवत होत्या. काकूंनी चपला पायात सरकवल्या आणि मला विचारलं, "तू जेवलीस का?"

इतकी वर्षं त्या मला हे विचारत आल्या. मी कधी उलट विचारलं नव्हतं. गल्लीत कुणीच विचारलं नव्हतं. वजन मात्र आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

तेव्हा हेही पत्रकच समजा. सगळ्यांना "जेवलास का" विचारणारी एक बाई तुमच्याही ओळखीत आहे. आज दुपारी तिच्याकडे जा आणि आधी तुम्ही विचारा. ती "हो" म्हणेल. परत फिरू नका. तिच्यासमोर बसा आणि तिला तुमच्यासाठी एक भाकरी थापायला सांगा.