पलीकडे कोणी आहे का

तांडेलसाहेबांशी फोनवर बोलणं म्हणजे शिक्षा होती. आपण दोन वाक्यं बोललो की मधेच यायचं, "हायस ना?" आपण म्हणायचं, हो, आहे. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा "हायस ना?" अहो, मीच बोलतेय ना एवढा वेळ! तर म्हणायचे, "तुजा मना आयकू येतंय गो. माजा तुला पोचतंय का, ह्ये मना कसं कळनार?"

समोरासमोर बसूनही तेच. डबा खाताना मी जरा गप्प बसले की पलीकडच्या टेबलावरून टकटक. एकदा तर ऑफिसच्या संडासाच्या दारावर थाप मारली, आतून बराच वेळ आवाज नाही म्हणून. आत दस्तुरखुद्द मॅनेजर. त्यांनी आतून जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. तांडेल मात्र खूश. उत्तर आलं ना, बस्स!

ही वाशीतली गोष्ट, नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. आमची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. गाड्या कळंबोलीच्या यार्डात आणि कॉम्प्युटर सेक्शन वाशीला. सेक्शन म्हणजे आम्ही दोघंच, तांडेल आणि मी. ते सारसोळ्याचे कोळी, चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. दोन्हीकडची मशीनं टेलिफोनच्या लाइनीनं जोडली होती आणि त्यांच्यामधून निरोप ने-आण करणारा प्रोग्राम तांडेलांनी लिहिला होता.

आता नवी मुंबईत रस्ता आहे म्हणजे तो कोणीतरी खणणारच. लाइन सारखी पडायची, आणि तांडेलांची खरी भीती तिथेच होती. सॉकेट म्हणजे मशीनचं निरोप द्यायचं-घ्यायचं दार. पलीकडच्यानं आपलं दार नीट लावलं तर इकडे कळतं. पण मधली तारच तुटली तर सांगायला येणार कोण? इकडचं दार आपलं उघडं ते उघडं. निरोप टाका, बिनतक्रार घेतं. वर 'पाठवला' असंही म्हणतं. पाठवलाय कुठला, पोटात घेऊन बसलेलं असतं.

एकदा मॅनेजरनी 'गाडी थांबवा' म्हणून निरोप टाकला. पडद्यावर 'पाठवला'. साहेब निवांत चहा प्यायला गेले. गाडी लोखंड घेऊन घाट चढली. संध्याकाळी लाइन जोडली गेली आणि कळंबोलीला सगळे निरोप एकदम पोचले, 'थांबवा', 'थांबवली का', 'अरे थांबवा'. तेव्हापासून तांडेलांनी मशीनलाही स्वतःची सवय लावली. थोड्या थोड्या वेळानं वाशीनं विचारायचं, आहेस का. कळंबोलीनं म्हणायचं, आहे. उत्तर आलं नाही तर पडद्यावर लाल बोंब.

"पन बोंब मारून उपेग काय," ते मला म्हणायचे, "लाइन पडली का मानूसच पडला, ह्ये हितून कळतच नाय ना." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा उतरायचा की मला हसू यायचं.

आमच्या टेबलावर दर तासाला एक फोन यायचा. एक रिंग, बंद. तो उचलायची मला सक्त मनाई. तांडेल लगेच एक नंबर फिरवायचे, तिकडे एक रिंग देऊन ठेवायचे. मी छेडायची, "काय साहेब, कोण हो ती?"

"आय," म्हणायचे आणि कान लाल करून पडद्यात डोकं घालायचे.

एके दुपारी तो फोन आलाच नाही.

तांडेलांनी नंबर फिरवला. रिसीव्हरमधून तिकडची घंटी मलाही ऐकू येत होती. वाजतेय, वाजतेय. ते ठेवत होते, परत फिरवत होते. तळहाताचा घाम तबकडीला लागला होता.

"वाजतंय ना साहेब," मी म्हटलं, "म्हणजे लाइन चालू आहे. झोपल्या असतील."

"ही घंटी एक्सचेंजवाला आपल्याला आयकवतो," ते म्हणाले. "घरात वाजते का नाय, कोनाला म्हाईत?" आणि मग अगदी हळू, "ती एकटीच हाय गो घरात."

मला आता हसू येईना. माझ्या स्कूटरवर मागे बसवून त्यांना सारसोळ्याला घेऊन निघाले. एरवी सिग्नलला थांबलं तरी "हायस ना?" विचारणारा माणूस, सबंध रस्ताभर चकार शब्द नाही. शेवटी मीच ओरडले, "साहेब, आहात ना मागे?" खांद्यावरची त्यांची बोटं तेवढी घट्ट झाली.

गावाच्या तोंडाशी रस्ता खणलेला होता आणि खड्ड्यात काळी केबल दोन तुकडे होऊन पडली होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी नाही टाकला. लाइन तुटली म्हणून आय ठीकच असेल असं थोडंच आहे! ते गल्लीतून धावत सुटले, मी मागे.

दार उघडंच होतं. म्हातारी आमच्याकडे पाठ करून स्टुलाशी बसली होती. स्टुलावर जुना फोन, आणि फोनवर तिचा पंजा पालथा ठेवलेला. मी हाक मारली, "आजी!" ती हलली नाही.

"तिला आयकू येत नाय," तांडेल म्हणाले. "धा वर्सं झाली. रिंग हाताला लागते तिच्या."

ते तिच्याशेजारी जाऊन उकिडवे बसले. तिच्या पंज्याखालचा फोन धरला आणि थरथर हलवला, एका रिंगेपुरता.

"आला!" म्हातारी ओरडली. "आला गो बाय, आला फोन!" मग मान वळवून बघते तर लेक. तोंड आधी रडायला वाकडं झालं, मग तिनं त्यांच्या दंडावर एक सणसणीत फटका ठेवून दिला. "कनच्या मसनात गेलतास रं? मना वाटला तूच गेलास!"

म्हणजे इकडे हे जितके घाबरले होते तितकीच तिकडे ती. हात न काढता बसून होती, जेवलीसुद्धा नव्हती.

मग तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या ठणठणीत आवाजात विचारलं, "हायस ना रं?"

दिवसभर जगाला हे विचारणाऱ्या माणसाला कोणी त्याच्याच शब्दांत विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. तांडेलांनी तिचा हात धरून परत एकदा थरथर हलवला.