ओव्हाळसाहेबांची चौकशी खिडकी

आमच्या बिल्डिंगमधल्या ओव्हाळसाहेबांना टीव्हीवर कुठल्या वाहिनीला, किती वाजता, काय लागणार आहे हे तोंडपाठ असे. आणि त्यातलं काहीही त्यांनी कधी पाहिलेलं नसे.

संध्याकाळी त्यांच्याकडे जावं तर टीव्ही चालू, साहेब खुर्चीत ताठ, चष्मा नाकावर, आणि पडद्यावर एक निळा तक्ता. रिमोटवरचं 'गाईड' नावाचं बटण दाबलं की डिशवर यायचा तो. डावीकडे वाहिन्यांचे नंबर, वरती वेळा, मधल्या चौकटींत कार्यक्रम. साहेब तो तक्ता वर-खाली सरकवत तासन्‌तास बसत. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत एखादी नटी बिचारी जीव तोडून रडत असे, पण तिच्याकडे बघतो कोण! एकदा मी म्हणालो, "साहेब, एखादा सिनेमा तरी लावा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना रुळावर बसून डबा खायला सांगितलंय.

"आपण सांगणारे," ते म्हणाले. "बसणारे नव्हे."

याचा उलगडा असा की श्रीपतराव ओव्हाळ नोकरीभर रेल्वेच्या चौकशी खिडकीत बसले. अमुक गाडी कितीवर, तमुक गाडी किती लेट, हे त्यांनी लोणावळ्यात येणाऱ्याजाणाऱ्या पिढ्यांना सांगितलं. स्वतः मात्र गाडीत बसायचा त्यांना कंटाळा. फुकट पास असून हा माणूस काश्मीर सोडा, कोल्हापूरलाही गेला नाही. निवृत्त झाले, खिडकी सुटली, आणि खिडकीऐवजी त्यांना रिमोट सापडला. मग टीव्हीच्या वाहिन्या हे प्लॅटफॉर्म झाले आणि मालिका या गाड्या झाल्या. क्रिकेटमुळे बातम्या उशिरा लागल्या तर जिन्यात भेटून सांगत, "सातच्या बातम्या वीस मिनिटं लेट धावताहेत." एखादी मालिका बंद पडली की "कायमची कॅन्सल." आणि सगळं वेळेवर असेल त्या दिवशी नुसतं "राइट टाइम!" म्हणून हात हलवत वर जात.

कोणी विचारलं नाही तरी ते सांगत, हा खरा त्रास होता. मी तळेगावच्या कारखान्यात जन्मभर हिशेब लिहून आलेला माणूस. संध्याकाळी दोन घटका शांतपणे चहा प्यावा म्हटलं तर बेल वाजे. दारात साहेब. "जयभीम. नऊला तुमच्या मिसेसचा आवडता पिक्चर आहे, एकशे एकवीसवर." माझी बायको मंगल स्वयंपाकघरातून "अगं बाई, हो का!" म्हणे, आणि माझा क्रिकेटचा सामना कायमचा कॅन्सल होई.

फाटकाशी पर्यटकांच्या गाड्या थांबल्या की साहेब आपणहून पुढे होत. "कुठं जायचंय? विचारा, विचारा." पण हल्लीचे पर्यटक माणसाला कुठे विचारतात? त्यांना मोबाइलमधली बाई सांगते. ती बाई आठवड्यातून दोन-तीन गाड्या तरी आमच्या सेप्टिक टँकमागच्या बोळात नेऊन अडकवते. मग साहेब त्या गाड्या मागे घ्यायला मदत करत आणि वर बजावत, "विचारलं असतंत तर सांगितलं असतं." काच वर करून लोक निघून जात. आभार मानायलाही त्यांना ती बाई सांगत नसावी.

साहेब घरात एकटे. त्यांची बायको, शकुंतलावहिनी, नातू झाला तेव्हा मुलाकडे वाकडला गेल्या त्या सहा महिन्यांसाठी. नातू आता शाळेत जातो. साहेबही एकदा राहायला गेले होते, आठवड्यात बॅग घेऊन परत. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. तिथं चौकशीच नाही," म्हणाले. "प्रत्येकाच्या हातात फोन. मी म्हटलं, पाणी किती वाजता येतं सांगू का, तर मुलगा म्हणतो, बाबा, इथं चोवीस तास येतं."

रोज संध्याकाळी सातला मात्र ते वहिनींना फोन लावत. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर. त्यामुळे हा संवाद मी भिंतीपलीकडून रोज ऐकत असे. नवरा-बायकोचं इतकं कोरडं बोलणं मी अख्ख्या मावळात ऐकलेलं नाही.

"साडेसातला तुझी मालिका. एकशे चौदावर."

"बरं."

"राइट टाइम आहे."

"बरं. ठेवू?"

"ठेव."

बस्स, संपलं. गुडघे दुखतात का, जेवलात का, नातू काय म्हणतो, काही नाही. मी मंगलला म्हणायचो, "इतक्या वर्षांच्या संसाराचं हे फलित बघ, एकशे चौदा." मंगल म्हणायची, "मी दोन दिवस माहेरी गेले तर तुम्ही फोन करून मला नंबर तरी सांगता का?" अशा वेळी मी पेपर उघडतो.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण आमच्या गच्चीला गळती लागली. प्रत्येकानं आपापली डिशची छत्री गच्चीत भोकं पाडून बसवलेली, आणि त्या भोकांतून लोणावळ्याचं पाणी थेट चेअरमन शेलारांच्या दिवाणखान्यात उतरू लागलं. दुसऱ्या कोणाच्या घरात उतरलं असतं तर पाच वर्षं विषय 'विचाराधीन' राहिला असता. शेलारांचा सोफा भिजला आणि रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव मंजूर. सगळ्या छत्र्या काढायच्या, सगळ्यांनी केबल घ्यायची. नाहीतरी चार महिने धुक्यात आणि पावसात डिशला सिग्नल मिळत नाहीच, असं शेलार म्हणाले, आणि ते खरंच होतं. ओव्हाळसाहेबांनी एकच प्रश्न विचारला, "केबलला गाईड आहे का?" केबलवाला किसन म्हणाला, "हाय की काका, सगळं हाय."

किसन हा वराळ्याचा. माणूस चांगला, पण 'सगळं हाय' हे तो पत्ता विचारला तरी सांगतो.

केबल बसली. साहेबांनी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रिमोट हातात घेतला आणि गाईडचं बटण दाबलं. तक्ता आला. नंबर होते, वाहिन्या होत्या, आणि प्रत्येक चौकटीत एकच वाक्य होतं: माहिती उपलब्ध नाही.

साहेबांनी पान उलटलं. माहिती उपलब्ध नाही. उद्याचं पान पाहिलं. उद्याचीही नाही. मी शेजारीच होतो आणि खोटं कशाला बोलू, मला हसू आवरत नव्हतं. साहेबांचा चेहरा मात्र लाल झाला. "सगळ्या नोकरीत हे वाक्य मी एकदासुद्धा उच्चारलं नाही," ते म्हणाले. "घाटात दरड आली, तारा तुटल्या, तरी खिडकीत आलेल्या माणसाला काहीतरी सांगितलं. माहिती उपलब्ध नाही म्हणजे काय? मग बसलाय कशाला तिथं?"

किसनला फोन गेला. किसन आला. त्यानं रिमोट घेतला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "काका, ते वरनंच येत न्हाई. पन तुमी चॅनल लावून बगा की. जे चाललंय ते दिसतंयच ना?"

"गाडी कुठली ते बघायला माणसानं रुळावर उभं राहायचं का?" साहेब कडाडले. रागावले की त्यांचं गाव बाहेर येतं. "लय झालं! मला माहिती पायजे. कुटं मिळंल ते सांग."

"मोबाइलवर हाय."

पण साहेबांचा मोबाइल साधा, बटणांचा; त्यावर नुसता फोन लागे. पेपरात साहेबांनी शोधलं. पूर्वी पेपरात कार्यक्रमांचा अर्धा रकाना येत असे, आता त्या जागी राशिभविष्य मोठं केलेलं. "माझ्या राशीला काय लागणार ते छापतात, टीव्हीला काय लागणार ते नाही," असं म्हणून त्यांनी पेपर बंद करून टाकला. चार दिवस ते बिल्डिंगभर विचारत फिरले, "तुमच्याकडे काय लागलंय? कितीवर?" लोकांना गंमत वाटली. शेलारांचा मुलगा मुद्दाम काहीतरी थापा मारी. मीही एकदा सांगितलं की नव्वदवर समुद्रातल्या माशांचे विवाह दाखवताहेत. साहेब नव्वद लावून बसले.

त्यानंतर सातचा फोन थांबला.

पहिले दोन-तीन दिवस मला बरंच वाटलं. मग भिंतीपलीकडची ती शांतता माझ्याच कानाला टोचायला लागली. मी जाऊन विचारलं. साहेब अंधारात बसले होते, टीव्ही बंद.

"काय सांगू तिला?" ते म्हणाले. "एकशे चौदावर आपल्याकडे आता भजन आहे. तिच्याकडे डिश आहे, तिचे नंबर तेच. माझ्याकडे ना वेळ, ना नंबर. चुकीची माहिती देण्यापेक्षा खिडकी बंद ठेवलेली बरी."

"अहो, नंबर कशाला पाहिजे? नुसती चौकशी करा, कशी आहेस म्हणावं."

"नुसती?" त्यांनी विचारलं. या माणसाला खरोखरच ते येत नव्हतं.

त्याच आठवड्यात वहिनींचा मंगलला फोन आला. साहेबांची तब्येत बरी आहे ना, पडले-बिडले नाहीत ना? आवाज रडवेला होता, असं मंगल म्हणाली, आणि मला डोळे तपासायला पुण्याला जायचंच होतं तर वाटेत वाकडला उतरा असा हुकूम सुटला. मी चिक्कीचा पुडा घेऊन गेलो.

ओव्हाळांच्या मुलाचं घर झकास आहे. भिंतभर टीव्ही. वहिनींनी चहा ठेवला आणि मी त्यांना गळती, शेलारांचा सोफा, किसन, निळा तक्ता, सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. माशांच्या विवाहाचंही सांगितलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब धडधाकट आहेत एवढं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"म्हणजे नंबर चुकेल म्हणून फोन नाही होय?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, इथं कुठला नंबर?"

त्यांनी रिमोट उचलला, त्याच्याशी दोन शब्द बोलल्या, आणि त्यांची मालिका चालू झाली. भर दुपारी, हवा तो भाग. डिश त्या घरातून केव्हाच गेली होती. सगळं इंटरनेटवर, तेही टीव्हीच्या आधी. एकशे चौदा नव्हतं, साडेसात नव्हते, राइट टाइम नव्हता.

"मी दुपारीच बघून घेते, नातू शाळेतून यायच्या आत," वहिनी म्हणाल्या.

"मग रोज सातला तुम्ही 'बरं, बरं' कशाला म्हणायचात?"

वहिनींनी कपबशी पुसायला घेतली. "त्यांना दुसरं काही बोलता येत नाही हो. नवी नवरी म्हणून मी घरी आले तेव्हाही पहिल्या दिवशी काय बोलले माहिताय? पुण्याला, माझ्या माहेरी जायची शेवटची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं. मला वाटलं, हाकलताहेत की काय! मग कळलं, आईची आठवण आली तर जाता यावं म्हणून." त्या हसल्या आणि डोळे पुसले. "दिवसभर या घरात मला कोणी काही सांगत नाही, भाऊजी. सातला एक माणूस आठवणीनं सांगतो. ते चुकलं की जेवण जात नाही मला."

इतकी वर्षं मी भिंतीला कान लावून ज्या संभाषणाची टिंगल केली, त्याबद्दल मला काय वाटलं ते मी मंगललाही सांगितलेलं नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "त्यांना सांगा, आमच्याकडेही केबल घेतलीय. तुमचीच. नंबर तुमचेच लागतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "खरं सांगू नका. आपली माहिती आता कोणाला लागत नाही हे त्यांना सोसायचं नाही."

लोणावळ्याला परतल्यावर मी पायरी चढता चढताच थाप मारली. साहेबांनी माझी चांगलीच उलटतपासणी घेतली. कुठली केबल? हीच. नंबर तेच? तेच. स्वतः बघितलं? बघितलं. मग ते आत गेले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी टीव्ही पाहायला घेतला. तक्ता नाही म्हटल्यावर दुसरा इलाज काय? पासष्टवर वहिनींची मालिका सापडली. ती किती वाजता सुरू होते, मधे जाहिराती किती, शनिवारी असते का, हे सगळं साहेब स्वतः रुळावर उभं राहून शोधू लागले. आता ते मला जिन्यात गाठून मालिकेतली सून खोटं बोलते आहे, दागिने तिनंच लपवलेत, असं सांगतात. तिच्या नवऱ्याच्या बावळटपणाचा तर त्यांना फारच राग आहे. बायकोच्या मनातलं ज्याला कळत नाही तो कसला नवरा, असं त्यांचं मत आहे.

परवा सातला मी त्यांच्याकडेच बसलो होतो. फोन झाला, "साडेसातला, पासष्टवर," "बरं," "ठेव." साडेसात वाजले तरी मालिका लागेना. कुठला तरी बक्षीस समारंभ लांबला होता. साहेब अस्वस्थ झाले, उठले, पुन्हा बसले, आणि पुन्हा फोन लावला. खिडकीवर ताटकळलेल्या माणसाची माफी मागावी तसा त्यांचा आवाज झाला होता.

"चुकलं. लेट आहे. किती ते माहीत नाही मला. मी बसलोय बघत, लागली की सांगतो."

दुपारीच तो भाग पाहून झालेल्या वहिनी स्पीकरवरून म्हणाल्या, "सांगा. मी फोन ठेवतच नाही."