एका फाइलीवर दोन संसार

अमरावतीच्या मेळाव्याची यादी शनिवारी दुपारपर्यंत छापखान्यात पोचायला हवी होती, आणि दुर्गाबाईंच्या वधू-वर केंद्रातली संगणकावरची स्थळांची नोंदवही उघडल्याबरोबर दोन मिनिटांत मान टाकत होती. तीनशे स्थळं आत अडकलेली. चौथीपर्यंत शिकून अकोल्यात केंद्र नावारूपाला आणलेल्या त्या बाईनं आधी सुनेच्या बोटांना दोष दिला, मग विजेला, मग संगणक विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना.

सून आकांक्षा मुकाट्यानं नोंदवही नव्यानं बसवायची. ती चालायला लागायची, पण मग तिच्या कैलासवासी सासऱ्यांनी हौसेनं आणलेल्या जुन्या सीडीवरचा, पत्रिका जुळवायचा प्रोग्राम उघडेना. दुर्गाबाई लगेच सीडी घालायला लावत. पत्रिका उघडायची, नोंदवही पडायची. तीन दिवस हाच खेळ चालल्यावर शनिवारी सकाळी देवराव मेकॅनिकला बोलावणं गेलं.

सीडी बसवताना संगणक काही विचारतो का, असं त्यानं विचारलं. आकांक्षानं सासूकडे पाहिलं.

"विचारते ना. इथं नवी फाइल हाय, तीच ठेवू का म्हणते. आई म्हणल्या, नाही म्हण."

"मंग," दुर्गाबाई म्हणाल्या, "यांनी आणलेली वस्तू हाय ते. काल आलेलीसाठी तिले बाहेर काढू का मी?"

देवरावनं डोकं खाजवलं. "काकू, दोन्ही प्रोग्राम एकच फाइल वापरून राहिले. जुन्याले जुनी पाह्यजे, नव्याले नवी. एक खुश झाला का दुसरा रुसते."

"एवढंच? मंग दोघांले येगयेगी देऊन टाक ना बापा. एका चुलीवर काहून राबवतं? घरात शांती तं राहीन."

देवरावनं तसंच केलं. जुनी फाइल पत्रिकेच्या फोल्डरात नेऊन ठेवली, नवी तिच्या जागी बसवली. दोन्ही प्रोग्राम गुमान चालू लागले आणि यादीचे कागद सरसर बाहेर पडू लागले.

वरच्या खोलीत आपली शेगडी मांडू द्या, म्हणून आकांक्षा दिवाळीपासून विनवत होती, आणि माह्या घरात एकच चूल, हे दुर्गाबाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. सून आता यादीचे कागद गरजेपेक्षा जास्त नीट रचत होती.

दुर्गाबाईंनी पदर सावरला. "सोमवारी घेऊन जाय ते शेगडी वर." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पण तिखटामिठाचा डबा खालीच राहीन. दोघींत एकच."

'दोघींत एकच' ऐकताच देवरावनं बंद केलेली बॅग पुन्हा उघडली, चिठ्ठीवर आपला नंबर लिहिला आणि ती आकांक्षाच्या हाती दिली.