गाय चालवून दाखव

बापू कुठलीही वस्तू विकत घेताना आधी तिच्या पाठीवर थाप मारतो. फ्रिज घेताना मारली, कपाट घेताना मारली. माझ्या थोरलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारी म्हणून तो येऊन बसला होता. त्यानं नवऱ्या मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "गरीब हाय. शिंग मारायचं न्हाय. घ्या." आम्ही घेतला. जावयानं आजवर मारलं नाही.

शिवाजी पेठेत आमच्या भिंतीला लागून त्याचा गोठा. जन्मभर म्हशी पाळल्या. संध्याकाळी म्हैस कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाईकासमोर धार काढायची, फेसाचा ग्लास हातात द्यायचा. मग बायको गेली, गुडघे गेले आणि पोरगा पुण्याहून फोनवर ओरडायला लागला. एकेक म्हैस विकली. शेवटी चंद्री राहिली. म्हातारी होती, आटली होती. गेल्या वर्षी तीही विकली.

तेव्हापासून बापू सकाळी उठून रिकाम्या गोठ्याच्या दारात बसायचा. मी म्हणायचे, "काय राखतोयस रं? आत शेण बी न्हाय."

"सवय हाय, आक्का."

दोन महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला. मला वाटलं, हा काही दिवाळी बघत नाही.

माझी नात प्राजक्ता कॉलेजात आहे. तिनं तिच्या लॅपटॉपवर त्याला शेतीचा गेम लावून दिला. चारा घालायचा, धार काढायची, शेण काढायचं. म्हशी नव्हत्या, गाईच होत्या. बापूनं तेवढं पोटात घातलं. त्या दिवशी तो माझ्याकडे दोन भाकऱ्या जेवला. पण लॅपटॉप जुना. गाय चालता चालता एक पाय वर धरून थांबायची.

"लंगडतीया," बापू म्हणाला. "खूर बघाय पायजे."

"गाईला काही झालं नाही, बापू. मशीनला दम नाही," प्राजक्ता म्हणाली.

"मग दमाची आणू."

कॉम्प्युटरच्या दुकानात प्राजक्ताबरोबर मलाही नेलं, कारण सौद्याला बापूला साक्षीदार लागतो. दुकानदार शेठ सोशिक माणूस. म्हणाला, "काका, सुटे भाग घेऊन जोडून देतो. पुढं हळूहळू वाढवत न्या."

"रेडकू आणून वाढवायचं माझं वय न्हाय," बापू म्हणाला. "आज नेली की आज धार पायजे. तयार दाव."

शेठनं तयार जोडलेला कॉम्प्युटर दाखवला. काचेच्या पोटात लाल-निळे दिवे फिरत होते.

"शिंगं रंगवून आणल्यालं जनावर मी घेत न्हाय. साधी दाव."

मग एक साधी काळी मशीन आली, स्वस्तातली. शेठ ग्राफिक कार्ड आणि रॅम सांगत बसला. बापूनं एकच विचारलं, "करंट किती खाती?"

ताकद दाखवायला शेठनं लढाईचा गेम लावला. बॉम्ब फुटले, माणसं उडाली.

"दंगा बंद कर," बापू म्हणाला. "गाय चालवून दाखव."

शेठनं प्राजक्ताकडे बघितलं. तिनं मान खाली घातली आणि शेतीचा गेम उतरवून घेतला. अर्धा तास गेला. गाय गोठ्यातून निघाली, पाणी प्यायली, परत आली. कुठं अडखळली नाही. बापू वाकून तिचे खूर बघत होता.

मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल शेठच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं दाबायला लागला. जनावरांच्या बाजारात भाव असाच करतात, तोंडानं बोलत नाहीत. शेठला वाटलं काकांना चक्कर येतेय. त्यानं पाणी मागवलं.

सौदा झाला. बापूनं मशीनच्या पाठीवर थाप मारली. शेठनं डोळे मिटून घेतले.

आता पाच महिने झाले. बापूचा सदरा पुन्हा अंगाला बसलाय. सकाळी उठतो, चूळ भरतो आणि गाईंना चारा घालतो. पण प्राजक्ता कावलीय. त्याच्या गोठ्यात एक गाय म्हातारी झाली, दूध देत नाही. ती विकल्याशिवाय नवीन घेता येत नाही आणि गेम पुढं सरकत नाही.

"बापू, एवढी मशीन आणून पहिल्याच पायरीवर बसलाय. विका म्हणून बटण आहे, ते दाबा."

बापू दाबत नाही. तिला चारा घालतो, तिच्याखालचं शेण काढतो.

परवा मीच म्हटलं, "दाब की रं. खरी हाय व्हय ती?"

त्यानं मान वर केली नाही. "एक डाव इकलीया, आक्का. बास झालं."

मी उठले. जाता जाता मशीनच्या पाठीवर हात टेकला. गरम होती.