आपटायचं नाही

डॉक्टरीणबाईंनी कोपराच्या बाहेरच्या हाडावर अंगठा दाबला, तसे डॉन एउलोहिओ खुर्चीतून अर्धे उठले.

"टेनिस खेळता?"

"बाई, मी बाराओना गावचा माणूस. डॉमिनो खेळतो."

"तेच ते. मनगट उचलणाऱ्या स्नायूची दोरी इथं हाडाला चिकटते. रोज सोंगट्या आपटून ती झिजलीय. पट्टा बांधा. घेवड्याचा डबा धरून मनगट सावकाश खाली सोडायचा व्यायाम करा. आणि आपटायचं नाही."

गल्लीतल्या बदामाच्या झाडाखालच्या टेबलावर एउलोहिओ तीस वर्षं सोंगट्या आपटत आले होते. समोर जोडीदार रादामेस. सोंगटी दणक्यात पडली की 'या आकड्याच्या आणखी आहेत', हळू ठेवली की 'संपल्या'. डाव चालू असताना बोलायला बंदी, त्यामुळे सगळी मैत्री या आवाजावरच टिकलेली. आणि प्रत्येक दणक्याला मागच्याच त्यांच्या घराच्या खिडकीतून बायको, फिदेलिना, ओरडायची, "अहो, माणसं झोपतात इथं!" गल्लीची दुपार त्याशिवाय दुपार वाटत नसे.

रविवारी वरच्या आळीशी सामना होता. हरले तर एउलोहिओंची खुर्ची मेहुण्याला, पापोला, जाणार होती. पण टेनिसवाल्यांचं दुखणं झालंय, हे त्या टेबलावर कोण कबूल करणार? एउलोहिओंनी लांब बाह्यांत पट्टा लपवला आणि सोंगट्या अंडी ठेवावीत तशा ठेवल्या. रादामेसने प्रत्येक वेळी 'संपल्या' असंच वाचलं. दोन डाव गेले.

"काय रे, उपास धरलायस?" रादामेस करवादला. पापो खुर्चीची पाठ चाचपून पाहू लागला.

तिसऱ्या डावात फिदेलिना बाहेर आली. केसांत रोलर, पायांत सपाता. "एवढी शांतता? झोपच येईना. कुणी गेलं की काय?"

सोंगटी उचलताना नवरा दुसऱ्या हाताने कोपर धरतोय, हे तिने पाहिलं. त्याने निवडलेली सोंगटी काढून घेतली आणि थाड! रमचे पेले उडाले. रादामेसचा चेहरा उजळला.

"हे चालणार नाही!" वरची आळी ओरडली.

"निवडतो तो. मी नुसती हमाल."

कुठली किती जोरात, हे तिला सांगावं लागलं नाही. तीस वर्षं पलंगावरून तिने दुसरं ऐकलं काय होतं? सामना जिंकला.

"पापो, तू राहू दे," रादामेस म्हणाला. "वहिनी, पुढच्या रविवारी लवकर या. खुर्ची तुमची."

पुढच्या रविवारी एउलोहिओ पलंगावर पडून घेवड्याचा डबा सावकाश खाली सोडत होते. बाहेर थाड!

"पाच-पाचची सोंगटी," ते आवाजावरून ओळखून पुटपुटले. "घाई केलीन."

पुन्हा थाड! त्यांनी डबा ठेवला, खिडकी उघडली आणि ओरडले, "अगं, माणसं झोपतात इथं!"